माझा गुडघा आणि कौशीची पळती

माझा गुडघा गेला त्याच दिवशी कौशी जिंकली. लोक मला गुडघ्याबद्दल विचारतात. मला मात्र आधी आठवतं ते तिचं जिंकणं.

हे लिहायला बसले त्याला कारण आमच्या गल्लीतली एक मुलगी. व्हॉलीबॉल खेळताना उडी मारून खाली आली ती गुडघा धरूनच. आता दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, तिचंही झालं. पण तिची आई मला म्हणाली, "मावशी, तुमचंही असंच झालं होतं म्हणे. जरा समजवा तिला. मैत्रिणी आल्या की भिंतीकडं तोंड करून पडते." मी गेले, तिच्याजवळ बसले, आणि मला काही बोलता आलं नाही. आल्यागेल्याने तिला धीर दिला होता. धीर तिच्याकडे भरपूर होता. तिचा जळफळाट होत होता, आणि तो मी बघताक्षणी ओळखला. त्याबद्दल आजाऱ्याशी कुणी बोलत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

परतूरचं मैदान

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचा परतूर तालुका परभणीत होता. आम्ही आष्टीला राहायचो. माझे बाबा तिथल्या प्राथमिक शाळेत गुरुजी. बुद्धवाड्यातून शिकून मास्तर झालेले ते पहिलेच, आणि त्यांच्या मनात होतं की मी मैदानावरची मास्तरीण व्हावं. शारीरिक शिक्षणाचं कॉलेज असतं, खेळाडूंना तिथं प्रवेश मिळतो, हे त्यांनी कुठूनतरी वाचलं होतं. मग त्यांनी घरात सांगून टाकलं, "सुमन खो-खो खेळंल. कुणी काही बोलायचं न्हाई." मुलीने अर्धी पँट घालून पळायचं म्हणजे गावात बोलायला पुष्कळ होतं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला परतूरहून निळा गणवेश शिवून आणला.

पळतीत, म्हणजे पाठलाग चुकवत पळताना, मला धरणारी तालुक्यात कुणी नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तेव्हा खरंच तसं होतं.

कौसल्या माझ्या वर्गात होती. सगळे तिला कौशी म्हणत. तिच्या घरी मेंढरं होती आणि दुसऱ्याची थोडी जमीन वाट्यानं केलेली. मेंढरांमागं पळून तिचे पाय काटक झाले होते, पण खेळ तिला येत नव्हता. मीच तिला ओढत मैदानावर आणलं. खो कसा घ्यायचा, दोन पाट्यांच्या मधून कसं निसटायचं, सगळं मी शिकवलं. ती संघात होती, पण बदली म्हणून. आमच्या घोंगड्या, पाण्याची कळशी सांभाळायची आणि ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची.

तालुक्याची शेवटची मॅच परतूरला होती. काळ्या रानाचं मैदान, वरून पाणी मारून दाबलेलं, पण खाली भेगा होत्या. मी पळतीत होते. मागं एक उंच पोरगी लागली होती. मी तिला डावीकडे हूल दिली आणि उजवीकडे वळले. अंग वळलं. पाय वळला नाही. गुडघ्यात 'कट' असा आवाज झाला. तो मला कानांनी नाही, दातांत ऐकू आला. मी पडले, त्या पोरीनं येऊन पाठीला हात लावला आणि मी बाद झाले.

मला उचलून लिंबाखाली घोंगडीवर ठेवलं. गुडघा बघता बघता मडक्याएवढा झाला. आमचे जाधव सर आले, घाबरले, पाणी शिंपडून परत मैदानाकडे पळाले, कारण दुसरा डाव सुरू व्हायचा होता. माझ्या जागी त्यांनी कौशीला उतरवलं.

मी घोंगडीवर पडून बघत होते. आधी ती घाबरून नुसतीच पळत होती. मग तिला लय सापडली. डाव संपेपर्यंत तिला कुणी हात लावू शकलं नाही. शिट्टी झाली आणि पोरींनी तिला उचललं. आष्टीहून आलेली माणसं, जाधव सर, सगळे तिच्याभोवती गोळा झाले. लिंबाखाली माझ्याजवळ फक्त पाण्याची कळशी होती.

दुखत होतंच. पण मी रडले ते त्या वेळी, आणि गुडघ्यासाठी रडले नाही.

चोळणं

बाबा त्याच आठवड्यात प्रशिक्षणाला बाहेरगावी गेले होते. माय एकटी. शेजारणी सांगत होत्या, हाड सरकलंय, चोळून बसवायला पाहिजे. शेजारच्या गावात एक चोळणारे होते, त्यांच्याकडे मायनं मला बैलगाडीत घालून नेलं. गरम तेल, दोन माणसं धरायला, आणि त्यांचे अंगठे. मी इतकी ओरडले की गाडीचे बैल बुजले. तीन-चार वेळा तसं झालं. सूज उतरायच्या ऐवजी पोटरीपर्यंत आली.

बाबा परत आले. त्यांनी पाय बघितला आणि मायकडे बघितलं.

"मी येईपर्यंत थांबायला काय झालं व्हतं?"

"पोरगी रात्रंदिवस कण्हून राह्यली व्हती. तुमी न्हाई, डॉक्टर न्हाई. म्या काय करायचं?"

"काही करायचं नसतं अशा वेळी."

"तुमाला सोपं हाय बोलणं. तुमी तिथं फळ्यासमोर बसले व्हते."

मग त्यांचं बोलणं बंद झालं. बाबा मला सांगत, "तुझ्या मायला म्हण, पाणी ठेव." माय शेजारीच उभी असायची. मी मधे खाटेवर. घरातला तो अबोला माझ्या पायातून निघाला होता, हे मला कळत होतं आणि मला कुणाचीच बाजू घेता येत नव्हती.

जालना

परतूरहून रेल्वेने आम्ही जालन्याला गेलो. स्टेशनावरून टांग्याने दवाखान्यात. डॉक्टर मध्यमवयीन होते, हळू बोलायचे. गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. हाड शाबूत होतं. माय म्हणाली, "बरं झालं बाई." डॉक्टरांनी मला गुडघा वाकवायला लावला, माझ्या पावलावर जवळजवळ बसले, आणि गुडघ्याखालची नळी दोन्ही हातांनी पुढे ओढली. ती पुढे आली. टेबलाचा खण ओढावा तशी सहज. मी ते स्वतः बघितलं.

ते बाबांना म्हणाले, "गुरुजी, हाड ठीक आहे. आतली दोरी तुटलीये. गुडघा जागेवर धरते ती."

"जुळंल का?"

"प्लास्टर करू. सूज आणि आजूबाजूचं बरं होईल. बाकी पुढे बघू."

"खेळता येईल?" हे मी विचारलं.

त्यांनी माझा पाय हळूच सरळ केला. "आधी चालायचं बघू, बेटा," म्हणाले. मी ते उत्तर ऐकलंच नाही. माणूस त्याला हवं तेच ऐकतं. मला ऐकू आलं की चाललं की मग खेळायचं.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर झालं. सूज पुरती उतरेपर्यंत आणि पायाची बोटं काळी-निळी पडत नाहीत ना हे बघायला मला बायकांच्या वॉर्डात ठेवलं. माय खाली सतरंजीवर झोपायची. पहाटे सिस्टर येऊन अंगाला हात लावून ताप बघायची, मग झाडूवाली, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. फेरी झाली की दिवस संपल्यासारखं वाटायचं, आणि तेव्हा सकाळचे नऊही वाजलेले नसायचे.

तिथं माझा जळफळाट नुसत्या कौशीपुरता राहिला नाही. जो चालत होता त्याचा मला राग यायचा. झाडूवाली उकिडवी बसून खाटेखालचं झाडायची, तिच्या गुडघ्यांकडे मी टक लावून बघायची. खिडकीच्या गजावर एक कावळा एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी मारायचा, त्याचासुद्धा राग यायचा. हे सांगताना आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर अंबडकडच्या गयाबाई होत्या. ओसरीवरून पडून पाय मोडला होता. त्यांचं प्लास्टर आठवड्याभरात कापणार होते. मी बघत होते ते त्यांना कळलं.

"काय गं पोरी, माझ्यावर जळून राह्यलीस का?"

मी दचकले. "न्हाई व, आजी."

"जळ की. त्यात काय हाय. मला बी जळायची सवय हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "ती समोरची बघ. तिचा नवरा रोज केळी घेऊन येतो. रोज! माझा म्हातारा येतो अन् माझ्याच ताटातलं खाऊन जातो. तिची केळी पाहून माझा जीव नुसता खालवर व्हतो."

मी हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. मग आम्ही दोघी मिळून त्या केळीवाल्या बाईवर जळायला लागलो. तिचा नवरा आला की गयाबाई मला डोळ्यानं खूण करायच्या. सोबतीनं जळलं की त्यातली निम्मी आग जाते, हे मला त्या वॉर्डात कळलं. जाताना त्यांनी मला खराट्याची एक लांब काडी दिली, टोक घासून गुळगुळीत केलेली. प्लास्टरच्या आत खाजवायला. ज्यांना प्लास्टर झालंय त्यांनाच त्या काडीची किंमत कळेल.

आणि एक सिस्टर होती. एका दुपारी तिने मला खाटेवर आडवी सरकवून, डोकं बाहेर काढून, खाली घमेलं ठेवून माझे केस धुतले. कुणी सांगितलं नव्हतं. केसांत अजून परतूरची माती होती.

निळा गणवेश

घरी आले. अंगणात खाट टाकली होती. दिवसभर मी तिथंच पडून असायची. संध्याकाळी मैदानावरून कौशी थेट आमच्याकडे यायची, पायाला माती तशीच.

"सुमे, आज सरांनी मला खांबावर सूर मारायला शिकवलं. हे बघ, कोपर फुटलं." असं म्हणून ती कोपर दाखवायची, दागिना दाखवावा तशी.

"हं."

"अन् जिल्ह्याला जायचंय आता परभणीला. मला तर भ्याव वाटून राह्यलं. तू असतीस तर..."

"मी न्हाई ना."

ती उठायची. मग मायला भाकरी थापू लागायची, पाणी आणायची. माय तिचं कौतुक करायची. "पोरगी लई गुणाची," म्हणायची. प्रत्येक कौतुक मला माझ्या हिश्शातून काढून दिल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी ती दारात आली ती माझ्या निळ्या गणवेशात. उद्या परभणीला निघायचं होतं. तिच्याकडे धड गणवेश नव्हता. मायनं पेटीतून माझा काढून, कंबरेत टाचून तिला दिला होता. मला विचारलं नव्हतं. कौशी अंगणात उभी होती, उन्हात, माझ्या कपड्यांत, दोन पायांवर.

"बराबर बसला का गं?" तिने मलाच विचारलं.

मी हाताशी होता तो पितळी तांब्या फेकला. तिला लागला नाही, चुलीपाशी जाऊन पडला. "काढ," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता काढ."

माय धावत आली. "येडी झालीस का? तुला काय कामाचा हाय आता तो?"

हे 'आता' मी आयुष्यात विसरले नाही.

"तू माझी माय हायेस का तिची?"

मायच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती आत गेली. कौशी अंगणात उभीच होती. तिने गणवेश काढला नाही. काढून ती घालणार काय होती? ती तशीच गेली. दुसऱ्या दिवशी परभणीला आष्टीच्या पोरी हरल्या, आणि ते ऐकून मला झोप छान लागली.

वाळूची पिशवी

प्लास्टर कापलं तेव्हा आतून जो पाय निघाला तो माझा वाटत नव्हता. काडीसारखा, सालपटं निघालेला, मांडी मनगटाएवढी. गुडघा वाकतच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, बाकावर बसायचं, पावलाला वाळूची पिशवी बांधायची आणि पाय सरळ वर उचलायचा. रोज. रडू आलं तरी.

बाबांनी धोतराच्या फडक्याची पिशवी शिवली, दुधना नदीची वाळू आणली. पिशवी बांधताना ते पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. पडल्यापासून त्यांनी खेळाचं नाव काढलं नव्हतं, पेपरात खेळाचं पान आलं की घडी घालून ठेवायचे. त्या दिवशी म्हणाले, "हळूहळू करू. कॉलेज कुठं पळून जाऊन राह्यलं."

लोक म्हणतात जिद्दीने बरी झाले. माझ्याजवळ जिद्द वगैरे नव्हती. पाय उचलताना मी डोळे मिटायची आणि निळ्या गणवेशातली कौशी बघायची. मग पिशवी उचलली जायची. वाळू वाढत गेली. गुडघा वाकायला लागला. मी घरात चालले, मग विहिरीपर्यंत, मग बाजारापर्यंत. कुणी "आता कसं हाय?" विचारलं की मी म्हणायची, "पुढच्या मोसमात उतरते."

पुढचा मोसम आला. एका सकाळी मी मैदानावर गेले. गणवेश परत माझ्याच पेटीत आला होता, धुऊन, टाके उसवून, पण मी तो घातला नाही. पोरी उभ्या राहून बघत होत्या. जाधव सर म्हणाले, "आधी सरळ पळ." मी पळाले. या खांबापासून त्या खांबापर्यंत. वारा कानाला लागला. मला वाटलं झालं, संपलं सगळं, मी परत आले.

"आता वळून बघ. हळू."

मी वळले. हळूच वळले. तोच पाय, तीच जागा. गुडघा पायातून निसटून बाजूला गेला आणि मी तोंडावर पडले.

 कौशी पाटीवरून उठली, माझ्यासमोर पाठ करून उकिडवी बसली. "धर गळ्याला," म्हणाली. तिने मला पाठीवर घेऊन घरापर्यंत नेलं. मैदान, शाळा, बाजाराचा रस्ता, आमचा वाडा. सगळं गाव बघत होतं. तिच्या मानेला घामाचा वास येत होता, पळून आलेल्या माणसाचा. मला त्या वासाचाही हेवा वाटला. इतक्या जवळून कुणाचा हेवा मी कधी केला नव्हता.

जालन्याच्या डॉक्टरांनी या वेळी आडपडदा ठेवला नाही. "चालशील. सायकल चालवशील. ओझं उचलशील, संसार करशील. पण वळून पळणं होणार नाही. मुंबईत एखादा करून बघेल ऑपरेशन, पण मी तुला खोटी आशा देणार नाही."

खरा निकाल तो होता. पहिला मी ऐकलाच नव्हता. येताना रेल्वेत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. परतूर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "डी.एड. करू मंग. वर्गातली मास्तरीण." आणि मायनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. माझ्यामुळे झालेला त्यांचा अबोला तिथं सुटला.

बघणं

तरी मी रोज संध्याकाळी मैदानावर जायची. का, ते लोकांना कळत नव्हतं. माय म्हणायची, जिवाला लावून घेऊ नको, जाऊ नको. पण न जाणं आणखी वाईट होतं. मी कडेला दगडावर बसायची आणि कौशीला बघायची. दुसऱ्या कुणाला नाही. प्रेमानं बघणारं माणूस चुका सोडून देतं. मी एक सोडत नव्हते. तिची प्रत्येक चूक मी उचलून घरी नेत होते आणि त्यावर जगत होते.

एके दिवशी सराव चालला होता. कौशीनं सुंदर हूल दिली, पोरी वाहवा करायला लागल्या, सरांनी टाळी वाजवली. माझ्यानं राहवलं नाही.

"काय वाहवा करता?" मी सगळ्यांसमोर बोलले. "हूल द्यायच्या आधी दर वेळी उजवा खांदा पाडती ती. आंधळ्याला कळंल कुठं जाणार हाय. परभणीच्या पोरींनी तेच पाहून धरलं हिला."

सराव थांबला. मला तिला सगळ्यांदेखत उघडं पाडायचं होतं आणि ते झालं होतं. कौशी माझ्याकडे चालत आली. मला वाटलं, आता भांडेल. मीही तयार होते.

"पडतो का खांदा?" तिने विचारलं.

"पडतो."

"मंग सांग ना. कसं करू?"

"तुला कळत न्हाई का, मी काहून बोलले ते?"

"कळतं." तिने बाहीनं तोंड पुसलं. "सगळं कळतं मला. तांब्या फेकलास तवापासून कळतं. पण सुमे, तुझा पाय मोडला तर तुझे बाबा तुला रेल्वेनं जालन्याला घेऊन गेल्ते. वाळूची पिशवी शिवली. आता डी.एड.ला घालणार हायेत. माझा बाप म्हणतो, ह्या साली खेळ, पुढच्या साली मेंढरं कोण बघंल? माझा पाय मोडला तर मला ओसरीत टाकतेल, अन् सांगतेल पोरगी लंगडी हाय म्हणून कुणी करीना. मी तुझ्यावर लहानपणापासून जळून राह्यले. तुझ्या पेटीवर, पुस्तकांवर, तुझ्या बाबांवर. तुला कधी कळलं बी न्हाई." तिचा श्वास अजून पळतीचाच चालला होता. "आता सांग. खांद्याचं कसं करू?"

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. लाज वाटली असं म्हणणं बरं दिसलं असतं. मला आधी वाटला तो राग, की ती जळायचा हक्कही माझ्याकडून घेऊन चालली. मग कधीतरी मी उठले, दगडाला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "नजर आधी टाक. खांदा मागून येऊ दे."

ती गेली आणि करून बघितलं. खांदा पडला. "पडला," मी ओरडले. परत केलं. पडला. अंधार पडेस्तोवर तेच चाललं. शेवटी एकदा पडला नाही, आणि मागं लागलेली पोरगी रिकाम्या जागेत हात घालून खाली गेली. मला काय आनंद झाला! आणि त्याच क्षणी वाटलं, हे माझं होतं, हे मी केलं असतं.

तो सबंध मोसम असाच गेला. मी शोधून शोधून तिच्या चुका काढायची, लागेल असं बोलायची, आणि ती त्या घेऊन जायची, दुरुस्त करून आणायची. खांबाजवळ आली की श्वास रोखायची, तो सोडायला लावला. गर्दी बघत असली की शोभेचं पळायची, ते मोडलं. माझा जळफळाट जितका बारीक बघायचा तितकी ती चांगली होत जायची. यावर हसावं की रडावं मला कळत नव्हतं. परभणीला त्या वर्षी आष्टीच्या पोरी जिंकल्या. कौशीच्या बापाला जाधव सरांनी आणि माझ्या बाबांनी घरी जाऊन, ओसरीवर बसून, चहावर चहा पिऊन आणखी एका सालासाठी राजी केलं. राज्याच्या शिबिराला तिचं नाव गेलं.

ती शिबिराला गेली तेव्हा मी निरोप द्यायला गेले नाही. पाय दुखतो म्हणून सांगितलं. दुखत नव्हता.

ज्या मुलीसाठी हे लिहिते आहे तिला एवढंच सांगते. हेवा वाटला म्हणून तू वाईट होत नाहीस. तो दाबून भिंतीकडे तोंड केलं की आत कुजतो. डोळे उघडे ठेव. जे तुला मिळालं नाही ते दुसरी कसं करते हे नीट बघ. पाय दुरुस्त व्हायचा तेवढाच होईल, पण त्या बघण्यातून दुसरं काहीतरी हाताला लागतं. माझ्या हाताला लागलं. पुढे मी वर्गातली मास्तरीण झाले आणि शाळा सुटल्यावर मैदानावरची. पण ते नंतरचं. त्या वर्षी मला ते ठाऊक नव्हतं.

कौशी शिबिरातून परत आली ती दुपारी, एस.टी.तून उतरून थेट आमच्याकडे. मी अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत होते. चेहरा बघूनच कळलं.

"निवड झाली," ती म्हणाली.

"हं."

"तिथं एक मोठे सर व्हते. मला थांबवून विचारलं, ही हूल तुला कुणी शिकवली? मी म्हणलं, आष्टीची सुमन हाय, तिनं."

मी खुडत राहिले. "मंग?"

"मंग तिथल्या पोरी विचारायला लागल्या. कोण सुमन? कुठं खेळती?"

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हणलं, ती खेळत न्हाई. ती बघती."

माझं नाव शिबिरात जाऊन आलं होतं. मी इथं भाजी खुडत होते. ते ऐकून जे वाटलं ते काही नुसतं सुख नव्हतं. कौशी उभीच होती, पिशवी खांद्यावर, अजून प्रवासाची धूळ अंगावर. राज्याच्या स्पर्धेला थोडेच दिवस राहिले होते.

मी भाजीची सुपली बाजूला सारली.

"पिशवी ठेव," म्हणाले. "चप्पल काढ. पळून दाखव."